लॉबीतील कापडी दिव्यांना दर पावसाळ्यात पडणारा झोळ : कारण कसे ओळखावे आणि दुरुस्ती कशी करावी

कोकणपट्टीत किंवा गोव्यात समुद्राजवळच्या हॉटेलच्या दुमजली लॉबीत कापडाचे मोठे, शिल्पासारखे घडवलेले दिवे टांगले की त्यांच्याबद्दलची एक तक्रार ठरल्या वेळी येते. हंगामाच्या तोंडावर, ऑक्टोबरात, दिवे बसवले जातात तेव्हा कापडावर एकही सुरकुती नसते. जुलैत हॉटेलच्या देखभाल विभागाकडून छायाचित्रे येतात : पाकळ्यांच्या पोटाला झोळ पडला आहे, खालच्या कडेला लाटा आल्या आहेत आणि आतल्या सांगाड्याची सळई कापडातून उमटू लागली आहे. सप्टेंबरात, पाहुणे कमी असताना, परांची बांधून कापड पुन्हा ताणून बसवले जाते. डिसेंबर-जानेवारीत एखादी शिवण उसवते किंवा एखादी रिंग किंचित वाकलेली दिसते. तिची डागडुजी होते, आणि पुढच्या जुलैत जवळजवळ तीच छायाचित्रे पुन्हा येतात.

या फेऱ्यात कारागिराचा हात क्वचितच कमी पडलेला असतो. सप्टेंबरात ओलसर हवेत ताणलेले कापड जानेवारीत कोरडे होऊन आखडते आणि शिवण तोडते, म्हणजे दर वर्षीची दुरुस्तीच पुढच्या बिघाडाचे कारण ठरते. म्हणून पुन्हा ताणण्याआधी झोळ नेमका कोणत्या महिन्यात दिसतो, तो कोणत्या दिशेने पडतो आणि दिवा बंद केल्यावरही तो दिसतो का, या तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. कापड कोणते आहे हे पुरवठादाराच्या बिलावरून कळतेच असे नाही, कारण बाजारात ‘सॅटिन’ किंवा ‘ऑर्गान्झा’ ही नावे विणीची आहेत, धाग्याची नव्हेत; तोच ऑर्गान्झा रेशमाचा, नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असू शकतो, आणि पावसाळ्यात हे तिघे तीन प्रकारे वागतात.

सांगाडा आधी निर्दोष ठरवावा

फॅब्रिकेटर आणि शिलाईवाला यांच्यात दोष एकमेकांवर ढकलण्याचा जो प्रकार चालतो, त्यात ‘उन्हाळ्यात सांगाडा प्रसरण पावतो’ हे वाक्य हमखास ऐकू येते. त्याचा हिशेब सोपा आहे. पोलाद दर अंश सेल्सिअसला लांबीच्या दहा लाखांश भागांपैकी सुमारे १२ भाग वाढते. ३ मीटर लांबीची सळई आणि १० अंशांचा फरक धरला तरी ही वाढ ०.३६ मिलिमीटर भरते. ॲल्युमिनियम असेल तर सुमारे ०.७ मिलिमीटर. वातानुकूलित लॉबीत दहा अंशांचा फरकही सहसा पडत नाही. तेव्हा वेल्ड तुटलेला नसेल आणि टांगण्याच्या तारा सरकलेल्या नसतील, तर सांगाडा सोडून कापडाकडे वळावे.

कापडाची बाजू पाहिली की प्रमाण एकदम बदलते. सपाट, दोन टोकांना पक्के धरलेले एक मीटर रुंदीचे कापड केवळ एक टक्का लांबले, म्हणजे १० मिलिमीटर वाढले, तर मधोमध पडणारा झोळ सुमारे ६ सेंटिमीटर असतो. वाढ अर्धा टक्का असेल तर झोळ ४ सेंटिमीटरहून थोडा अधिक, आणि वाढ फक्त एक मिलिमीटर असली तरी झोळ जवळजवळ २ सेंटिमीटर. लांबीतील वाढ आणि झोळ यांचे नाते सरळ प्रमाणाचे नसून वर्गमुळाचे असल्यामुळे अगदी किरकोळ वाढीचाही झोळ डोळ्याला खुपण्याइतका होतो. ‘कापड एवढे कसे सैल झाले?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच असते, की ते फारसे सैल झालेलेच नाही. सपाट आकारामुळे थोडी वाढ पुष्कळ दिसते आहे.

झोळ पावसात पडतो की पावसानंतर

धागा हवेतून किती पाणी शोषतो याचे प्रमाण धाग्यागणिक ठरलेले असते. २० अंश तापमानाला आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पॉलिएस्टर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ०.४ टक्के पाणी धरते, नायलॉन सुमारे ४ टक्के, सूत ७ ते ८ टक्के, रेशीम सुमारे ११ टक्के आणि व्हिस्कोज सुमारे १३ टक्के. किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर राहते, तेव्हा हे सगळे आकडे आणखी चढतात. पॉलिएस्टरचा मात्र जवळपास तिथेच राहतो.

पाणी शोषल्यावर नायलॉन लांबते आणि त्याच वेळी त्याची ताठरताही कमी होते, म्हणून नायलॉनच्या दिव्याला झोळ भर पावसात पडतो आणि हवा कोरडी झाली की आपोआप बराचसा भरून येतो. व्हिस्कोजही पावसातच ढिले पडते, शिवाय ओले असताना त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून ताणलेल्या दिव्यासाठी ते कितीही सुंदर झुळझुळत असले तरी मी ते सुचवत नाही. हलगीवाला पावसाळी हवेत उतरलेले कातडे वाजवण्याआधी जाळावर शेकून घेतो, तसा इलाज लॉबीत करता येत नाही. पण तत्त्व तेच आहे, की उतरलेल्या अवस्थेत कसून बांधलेली गोष्ट सुकल्यावर आपल्या चौकटीवर जोर काढते.

सुताचे वागणे याच्या उलटे असते, आणि इथेच निदान सर्वाधिक चुकते. सुती धागा पाण्याने फुगतो तो मुख्यतः जाडीत. विणलेल्या कापडात आडवा धागा उभ्या धाग्याच्या वरून-खालून जात असतो. उभा धागा जाड झाला की आडव्याला त्याला वळसा घालायला अधिक लांबी लागते, ती मिळत नाही, आणि परिणामी कापडच आखडते. म्हणून सुती किंवा लिननचा दिवा पावसाळ्यात घट्ट होतो, शिवणी ओढल्या जातात, पातळ रिंग अंडाकृती होऊ लागते आणि या ताणाखाली धागे हळूहळू सरकून कायमचे लांबतात. झोळ दिसतो तो नंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हवा सुकल्यावर. त्या वेळी तो दिवा ताणून बसवला की पुढच्या जूनमध्ये आखडण्याची शक्ती पुन्हा त्याच शिवणीवर येते, आणि या खेपेस तिला सैलपणाचा काही आधारही उरलेला नसतो.

तिसरा प्रकार कोणत्याच महिन्याशी बांधलेला नसतो. लायक्रा मिसळलेले होजिअरी विणीचे कापड सांगाड्यावर खेचून चढवले की सुरुवातीला ते सर्वांत गुळगुळीत दिसते, म्हणून डिझायनरांना ते आवडते. पण इलास्टेन, म्हणजे लायक्राच, हा पॉलियुरेथेन कुळातील धागा कायम ताणलेल्या अवस्थेत हळूहळू आपला ओढा सोडतो, उष्णतेत लवकर सोडतो आणि अतिनील किरणांनी पिवळाही पडतो. अशा दिव्याचा झोळ महिन्यामहिन्याने वाढत जातो, पावसाळा संपल्यावर कमी होत नाही, आणि आतल्या प्रकाशाच्या उगमापाशी किंवा काचेच्या भिंतीतून ऊन येणाऱ्या बाजूला तो अधिक असतो. लायक्राचे कापड त्याच्या पूर्ण ताणाच्या जवळ नेऊन बसवण्यापेक्षा दहा-पंधरा टक्केच ताणून बसवले तर हा ऱ्हास पुष्कळ लांबतो. मात्र त्यासाठी कापडाचा साचा सांगाड्याच्या खऱ्या आकाराला जवळचा कापावा लागतो, ‘लायक्रा आहे, ओढून बसेल’ एवढ्यावर भागत नाही.

आणखी एक कारण कापडाच्या धाग्यात नसून त्यावरच्या लेपात असते. हॉटेलला अग्निरोधक कापड लागतेच. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग अग्निसुरक्षेचा आहे, आणि मोठ्या साखळ्यांची हॉटेले त्याशिवाय एनएफपीए ७०१ (कापडाच्या ज्वलनाची अमेरिकी चाचणी) किंवा युरोपीय ईएन १३५०१ या मानकातील बी-एस१, डी० या वर्गाचा दाखलाही मागतात. हा दाखला दोन मार्गांनी मिळतो. एक म्हणजे धाग्याच्या बहुलकातच अग्निरोधक घटक असलेले पॉलिएस्टर, उदाहरणार्थ ट्रेव्हिरा सीएस; दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे साध्या कापडाला अमोनियमच्या क्षारांचे द्रावण मारणे. हे क्षार स्वतः हवेतले पाणी ओढतात. पावसाळ्यात असे कापड हाताला ओलसर आणि किंचित चिकट लागते, जड होते, सुकल्यावर त्यावर पांढरट कड उमटते, आणि सांगाड्याला ते जिथे टेकते तिथे लोखंड गंजू लागते. पांढरी कड आणि गंजाची रेघ एकत्र दिसली तर धाग्याची चौकशी करत बसू नये, लेपाची करावी. असे कापड पाण्याने धुतले तर क्षार निघून जातात आणि दाखला निरर्थक होतो, हेही घरकाम विभागाला लेखी कळवलेले बरे.

चुण्या कोणत्या दिशेला आहेत

शिडीवर चढून, हाताच्या अंतरावरून पाहिले तर चुण्या बरेच काही सांगतात. ताणलेल्या पातळ कापडात चुणीची रेघ ताणाच्या दिशेने पडते आणि चुण्या एकमेकींशेजारी साचतात ती दिशा दाबाची असते. त्यामुळे एखाद्या बिंदूपासून पंख्यासारख्या निघालेल्या रेघा म्हणजे त्या बिंदूवर सगळा भार एकवटला आहे. तिथे आयलेट (कापडातल्या भोकाला बसवलेली धातूची कडी) किंवा वेल्डची गाठ असते आणि उपाय म्हणजे तो भार नेफ्यातून ओवलेल्या तारेवर वाटून देणे. शिवणीला काटकोनात उभ्या राहिलेल्या बारीक, एकसारख्या चुण्या म्हणजे शिवण कापडापेक्षा आखूड झाली आहे : दोरा जास्त ताणून शिवला असेल, किंवा पॉलिएस्टरच्या कापडाला सुती दोरा लावला असेल, जो पावसाळ्यात एकटाच आखडतो. या दुसऱ्या कारणाची शहानिशा सोपी आहे, एक धागा उसवून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

सर्वांत फसवी ती पाकळीच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरकी जाणारी लांब लाट. अशी लाट बहुधा कापणीचा परिणाम असते. मागावर विणलेले कापड उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेने फारसे ताणले जात नाही, उरेब, म्हणजे धाग्यांना तिरक्या, दिशेने मात्र सहज ताणले जाते. कापडाची नासाडी वाचवण्यासाठी कापणाऱ्याने पाच पाकळ्यांपैकी तीन उभ्या धाग्यावर आणि दोन जागा मिळेल तशा वळवून बसवल्या असतील, तर बसवताना पाचही सारख्याच दिसतात आणि काही महिन्यांत त्या दोनच पाकळ्या आपल्या वजनाने तिरक्या लोंबतात. सगळ्या पाकळ्यांत सारखा झोळ असेल तर दोष हवेचा किंवा धाग्याचा. काही ठरावीक पाकळ्यांतच असेल तर दोष कापणीचा, आणि अशा वेळी किती ताणले तरी फरक पडत नाही, त्या पाकळ्या नव्याने कापाव्याच लागतात.

कापड सैल नसून प्रकाश तिरका असतो, असेही होते

दिवसा दिवा बंद करून पाहावे. बंद दिव्यात सुरकुती दिसेनाशी होत असेल तर कापडाला हात लावू नये. एलईडीची पट्टी रिंगच्या कडेला बसवून तिचा प्रकाश कापडाच्या अंगावरून सरपटत सोडला असेल, तर दोन मिलिमीटरच्या उंचवट्याचीही लांब सावली पडते आणि निर्दोष कापडही चुरगळलेले भासते. पट्टी आत मध्यभागी घेऊन तिच्याभोवती प्रकाश पसरवणारा पांढरा अर्धपारदर्शक थर (डिफ्यूजर) दिला की तीच सुरकुती नाहीशी होते. मीटरला ६० एलईडी असलेल्या पट्टीत दोन बिंदूंत साधारण १७ मिलिमीटरचे अंतर असते, १२० असतील तर साधारण ८ मिलिमीटरचे. कापड या अंतराहून जवळ असेल तर बिंदू वेगवेगळे दिसतात, आणि पातळ कापडात त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतर ठेवले तरी ते जास्त होत नाही. पट्टी ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलवर असावी आणि ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे उपकरण, दिव्यात न ठेवता छताच्या वर, हात पोहोचेल अशा जागी असावा, एवढे यासंदर्भात पुरे.

जून महिन्यातील पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्यावर झेपावते आणि तळाला साचते, तिच्या ढिगाची सावलीही काही वेळा ‘डाग’ किंवा ‘झोळ’ म्हणून कळवली जाते. तळ पूर्ण बंद ठेवण्याऐवजी काढता येणारी चकती द्यावी.

घाम आणि गंज

लॉबी समोरून उघडी असेल आणि वातानुकूलनाची जाळी दिव्याच्या अगदी शेजारी असेल, तर झोळासोबत तपकिरी डागही येतात. २९ अंश तापमानाच्या आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. जाळीतून येणारी थंड हवा रिंगला २० अंशांच्या आसपास नेते, आणि दार उघडताच बाहेरची हवा तिच्यावर दव सोडते. कापडाला रिंगच्या रेषेत पाण्याचा ओला पट्टा येतो, तो तेवढ्याच भागात वेगळा वागतो, म्हणून रिंगच्या लगेच खाली एक आडवी चुणी कायम राहते. पावडर कोटिंग केलेले साधे लोखंड इथे टिकत नाही, कारण टर्नबकलच्या (फिरवून ताण कमी-जास्त करण्याच्या जोडाच्या) आट्यांवर आणि वेल्डवर लेप फुटतोच. ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीललाही समुद्रकाठच्या हवेत तपकिरी छटा येते. क्लोराइडला तोंड देण्यासाठी ज्यात मॉलिब्डेनम असते त्या ३१६ दर्जाचा खर्च एवढ्या ठिकाणी तरी करावा. पण त्याआधी जाळीची पाती वळवून हवेचा झोत दिव्यावरून हटवता येतो का, ते पाहावे. त्याला पैसे पडत नाहीत.

मिठाच्या डब्याची चाचणी

नवे कापड घेण्याआधी, किंवा बसवलेल्या कापडाचा उरलेला तुकडा मिळाला तर त्याच्यावर, ही चाचणी करावी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कापडाच्या उभ्या, आडव्या आणि उरेब दिशेने प्रत्येकी ५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापावी, तिच्यावर बरोबर १००० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात आणि खाली अर्धा किलो वजन बांधून ती टांगावी. टांगण्यासाठी झाकण घट्ट बसणारे उंच प्लॅस्टिकचे पिंप घ्यावे आणि तळाशी पसरट भांड्यात मिठाचे संपृक्त द्रावण ठेवावे, म्हणजे तळाला न विरघळलेले मीठ शिल्लक राहील इतके मीठ घालावे. २५ अंशांना अशा द्रावणावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते. पावसाळ्याच्या जवळ जायचे असेल तर मिठाऐवजी शुद्ध पोटॅशियम क्लोराइड वापरावे, ते सुमारे ८४ टक्के देते. कोरड्या बाजूसाठी दुसऱ्या पिंपात सिलिका जेल ठेवावे.

दोन्ही पिंपांत पट्टी दोन-दोन दिवस ठेवून खुणांमधले अंतर मोजले, की मिळालेला मिलिमीटरचा फरक हाच हजारांश फरक असतो. १० मिलिमीटर म्हणजे एक टक्का. उरेब पट्टी वजनामुळेच लांबते, म्हणून तिची तुलना कोरड्या पिंपातल्या तिच्याच मोजमापाशी करावी. पट्टी ओल्यात आखूड झाली तर कापड सुताच्या स्वभावाचे, लांब झाली तर नायलॉनच्या, आणि दोन्हींत एक-अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहिली तर ते पॉलिएस्टर, मग बिलावर काहीही लिहिलेले असो. कोरड्याकडून ओल्याकडे आणि पुन्हा कोरड्याकडे अशी एक फेरी करून पाहिल्यास कायमचे लांबणे किती, तेही कळते, आणि मला हा तिसरा आकडा सर्वांत उपयोगी वाटतो.

दुरुस्ती : लांबी पक्की न करता ताण पक्का करणे

सध्याच्या दिव्यांपैकी बहुतेकांत कापड वरच्या आणि खालच्या रिंगला बांधलेले असते आणि दोन्ही रिंगा सांगाड्याला वेल्ड केलेल्या असतात. अंतर ठरलेले, कापड बदलते. मग ताण एकदा शून्यावर येतो आणि एकदा शिवण तोडण्याइतका होतो. रचना उलटी केली, म्हणजे अंतर थोडे बदलू दिले आणि ताण कायम ठेवला, तर कापड कोणतेही असले तरी झोळ दिसत नाही.

याची सर्वांत साधी पद्धत म्हणजे खालची रिंग सांगाड्यापासून सोडवून कापडालाच टांगू देणे. १२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी सळईचे वजन मीटरला सुमारे ०.९ किलो असते. या सळईची रिंग कितीही व्यासाची केली तरी कापडाच्या कडेच्या प्रत्येक मीटरला तेवढाच, ०.९ किलोचा भार मिळतो, कारण व्यास वाढला की सळई आणि कड दोन्ही सारखीच वाढतात. पातळ पॉलिएस्टर जाळीला एवढा भार पुरतो. जाड विणीच्या कापडाला १६ मिलिमीटरची, मीटरला सुमारे १.६ किलो भरणारी सळई घ्यावी. तीन मीटर उंचीच्या दिव्यात कापड एक टक्का लांबले तर रिंग ३ सेंटिमीटर खाली येते, आणि लॉबीत खालून पाहणाऱ्या कोणाच्याही ते ध्यानात येत नाही. वातानुकूलनाच्या वाऱ्याने रिंग फिरू नये म्हणून आतून तीन बारीक मार्गदर्शक तारा द्याव्यात, पण त्यांनी रिंगचा भार उचलू नये. हा दिवा माणसांच्या डोक्यावर टांगलेला असतो, त्यामुळे कापड फाटले तरी रिंग पडू नये यासाठी स्वतंत्र सुरक्षा तारा लागतातच. त्यांना चाचणीत आढळलेल्या वाढीहून किमान २ सेंटिमीटर जास्त ढील ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात भार कापडावरून तारांवर जातो आणि झोळ होता तिथेच परत येतो.

आडव्या किंवा तिरक्या आकारांत वजन कामाला येत नाही. तिथे कडेच्या नेफ्यात तार ओवून ती स्टेनलेस स्टीलच्या स्प्रिंगांनी सांगाड्याला जोडावी. स्प्रिंग लांब आणि मऊ असावी. आखूड, कडक स्प्रिंग एक सेंटिमीटर हलली की तिचा ओढा पार बदलतो आणि मग टर्नबकलने ताणण्यात आणि तिच्यात फरक राहत नाही.

आकाराचाही विचार करावा लागतो. सपाट पृष्ठभाग थोड्या वाढीला मोठ्या झोळाने उत्तर देतो, हे वर आलेच. ज्या पृष्ठभागाला एका दिशेने बाक आत आणि दुसऱ्या दिशेने बाक बाहेर आहे, म्हणजे घोड्याच्या खोगिरासारखा ज्याचा आकार आहे, त्यात एका दिशेचे धागे लांबले तर दुसऱ्या दिशेचे त्यांना ओढून धरतात आणि आकार किंचित सरकून पुन्हा तणावतो. जर्मन वास्तुविशारद फ्राय ऑटो यांनी साबणाच्या पडद्यांवर केलेल्या प्रयोगांतून हे तत्त्व मोठ्या छतांपर्यंत नेले. गुंटर बेनिश यांच्यासोबतचे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे छत त्यातलेच. दिव्यात हे साधायला फार कसब लागत नाही. दोन रिंगांमध्ये होजिअरी विणीचे पॉलिएस्टर कापड ताणले की कंबर आपोआप आत जाते आणि नेमका हाच आकार मिळतो. आर्किटेक्टला मात्र सरळ दंडगोल हवा असतो, कारण रेखाचित्रात तो नीटनेटका दिसतो. त्या वेळी दोन्ही आकारांचे अर्धा मीटर उंचीचे नमुने करून एका पावसाळी दुपारी दाखवणे हा समजावण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला सुरकुतीला डिझाइनमध्येच जागा देणे आहे. इसामू नोगुची यांनी १९५१ पासून जपानमधील गिफू येथील कंदील कारागिरांसोबत केलेल्या ‘अकारी’ दिव्यांत कागदाखालच्या बांबूच्या कामट्या आणि कागदाच्या घड्या लपवलेल्या नाहीत, म्हणून आर्द्रतेने आलेला थोडाफार बदल तिथे दोष वाटत नाही. चुण्यांचे, प्लीटचे कापड वापरले तर लांबी वाढली तरी चूण थोडी खोल होते इतकेच. गुळगुळीत कातडीचा हट्ट सोडायची तयारी असलेल्या हॉटेलला, विशेषतः महाबळेश्वरसारख्या वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि दिवसेंदिवस धुके असलेल्या ठिकाणी, हाच मार्ग सुचवावा. तिथे सुती कापडाला झोळाआधी बुरशी येते.

आता लगेच काही करायचे असेल तर

हंगाम संपेपर्यंत रचना बदलायला वेळ नसतो आणि व्यवस्थापनाला दिवे सरळ हवे असतात, अशा वेळी जुलैत किंवा सप्टेंबरात ओल्या हवेत ताणणे टाळावे. दिव्याच्याच उंचीवर, स्वागतकक्षाच्या टेबलावर नव्हे, एक डिजिटल आर्द्रतामापक टांगावा, कारण दुमजली लॉबीत खालची आणि वरची हवा सारखी नसते. दारे बंद ठेवून वातानुकूलन दोन-तीन दिवस अखंड चालवावे आणि मापक ६० ते ६५ टक्क्यांवर स्थिरावला की मगच टर्नबकल फिरवावेत. वर्षातील ओल्या आणि कोरड्या टोकांच्या साधारण मध्यावर कापड बसवल्याने दोन्हीकडचा बदल निम्मा होतो. झोळ पूर्ण जात नाही, पण शिवण उसवणे थांबते. कोणताही टर्नबकल एकटा पुरा आवळू नये, समोरासमोरच्या जोड्यांनी अर्धा-अर्धा फेरा द्यावा.

नवे कापड मागवताना दिव्याच्या आवरणांचा दुसरा जोड त्याच लॉटमधून शिवून ठेवावा, कारण पुढच्या लॉटची छटा जुळत नाही. मोजमाप घेतलेले असेल तर ते दिव्यावरच नोंदवून ठेवणे सोयीचे पडते : रिंग बसवली त्या दिवशीची उंची, त्या वेळची आर्द्रता, आणि पहिल्या जुलैअखेरीस ती किती खाली आली, हे तीन आकडे तारखांसह आतल्या सळईला बांधलेल्या स्टीलच्या पट्टीवर कोरून घ्यावेत. कागद फाइलमधून हरवतो आणि देखभालीचे कंत्राटही बदलते; परांचीवर चढणाऱ्या नव्या माणसाला ही पट्टी दिसते आणि तो टर्नबकलला हात लावण्याआधी आर्द्रतामापक पाहतो.